नारिंगी ठिपका कुणाचा

सासू: म्हणजे हे सगळे राखाडी ठिपके बायका आहेत?

संशोधिका: हो आजी. आमच्या अभ्यासात एकूण एकशे बारा बायका होत्या. प्रत्येकीनं सात दिवस मनगटाला रबरी पट्टी घातली, तशी ताईंनीही घातली. प्रत्येकीचा इथं एक ठिपका. ठिपका जितका वर, तितकं ते रसायन तिच्या पट्टीत जास्त सापडलं.

सासू: आजी कुणाला म्हणतेस गं? केस बघितलेस माझे? एक तरी पांढरा काढून दाखव. काकू म्हण.

संशोधिका: चुकलं, काकू.

सासू: आणि ही इथं एकटीच वर जाऊन बसलीय, ती कोण?

संशोधिका: ते सांगता येत नाही. नावं गुप्त असतात.

सासू: नाव नको सांगूस. काय करते, कुठं राहते, एवढंच सांग.

सून: आई, त्यांना बोलू द्या ना. मॅडम, यातला माझा कुठला?

संशोधिका: तुमचा नारिंगी, तो पुढच्या पानांवर आहे. पण पान उलटण्याआधी मला हे वाचून दाखवावं लागतं. ‘आपला निकाल पाहायचा की नाही, हे ठरवण्याचा अधिकार पूर्णपणे आपला आहे. तो न पाहण्याचाही आपल्याला...’

सासू: न पाहण्याचा? तीन महिने वाट बघून? परीक्षेचा निकाल असा कुणी न बघता कपाटात ठेवतं का?

सून: मला बघायचाय. मला सोमवारी उत्तर द्यायचंय, मॅडम. आमच्या मालकीणबाई दुसरं दुकान काढतायत, नखांचंच. ते मी सांभाळावं म्हणतात. सहा वर्षं तिथं लोकांची नखं घासतेय, तेव्हा कुठं कुणाला मी दिसले.

संशोधिका: अरे वा! अभिनंदन.

सून: अहो, पण मला चौथा लागलाय.

संशोधिका: चौथा काय?

सासू: महिना. दिवस गेलेत तिला. एवढी शिकलीस आणि हे नाही कळलं?

सून: दुकानात दिवसभर तो वास असतो. नेलपॉलिशचा, ते पुसायच्या पाण्याचा, खोटी नखं चिकटवायच्या गोंदाचा. म्हणून मी मनाशी ठरवलंय. रिपोर्ट चांगला आला तर नवं दुकान घ्यायचं. वाईट आला तर काम सोडायचं. आता सगळं तुमच्या त्या ठिपक्यावर आहे.

संशोधिका: ताई, एवढा भार नका टाकू बिचाऱ्यावर. पट्टी फक्त इतकंच सांगते, की त्या आठवड्यात तुमच्या आजूबाजूला काय काय होतं. त्यानं पुढं काय होईल, हे...

सासू: काय होईल?

संशोधिका: बऱ्याच रसायनांचं अजून नक्की माहीत नाही, काकू. संशोधन चालू आहे.

सासू: माहीत नाही, एवढं तर मीही सांगितलं असतं. त्यासाठी जिने चढून यायला नको होतं तुला. पण काय गं, ती पट्टी विष ओढून घेते ना? तू म्हणाली होतीस त्या दिवशी.

संशोधिका: शोषून घेते. पण हवेतलं, कातडीवरचं. अंगाच्या आतलं नाही.

सासू: आतलं नाही?

संशोधिका: नाही.

सासू: गुडघ्यातलंही नाही?

संशोधिका: गुडघ्यातलं?

सासू: काही नाही, आपलं विचारलं. वाच तू पुढं.

संशोधिका: हं. हे पहिलं पान. नखांच्या दुकानात वापरतात ती पाच रसायनं. आणि तुमचा ठिपका... हा बघा.

सून: कुठंय? दिसत नाही. वर नाहीये का?

संशोधिका: खाली बघा. अगदी खाली. पाचही ओळींत तुम्ही खालून सहाव्या-सातव्या आहात.

सासू: खालून? म्हणजे नापास की काय?

संशोधिका: नाही हो काकू, इथं खाली असणंच चांगलं.

सून: म्हणजे माझ्या पट्टीत नाहीच ते?

संशोधिका: फारच कमी आहे. खरं सांगायचं तर आम्हीसुद्धा चक्रावलो. दिवसभर घरात असणाऱ्या बायकांइतकं आहे हे.

सून: जीव भांड्यात पडला बाई! आई, ऐकलंत? मी मालकीणबाईंना आत्ताच फोन करते. सोमवारची वाट कशाला बघायची?

सासू: कर की, कर.

संशोधिका: थांबा ताई, दुसरं पान राहिलंय. दोन्ही पानं दाखवून सही घेतल्याशिवाय मला उठता येत नाही.

सून: दाखवा, दाखवा. आता काहीही दाखवा.

संशोधिका: यात घरातल्या वस्तू आहेत. पहिलं, डांबरगोळ्या. यात तुम्ही बऱ्याच वर आहात. कपड्यांत ठेवता का?

सून: मी? मला तो वास अजिबात खपत नाही. आईंच्या कपाटात असतात. पण ते कपाट त्यांच्या खोलीत, आणि किल्ली त्यांच्या कमरेला.

सासू: वास काय, भिंतीतूनही येतो.

संशोधिका: येईलही. दुसरं, दुखण्यावर चोळायचं मलम. यात तर... अं... एकशे बारांत तुमचा पहिला नंबर आहे.

सासू: पहिला!

सून: पण मी मलम लावतच नाही!

सासू: असू दे गं. पहिला नंबर आलाय तर नाही कशाला म्हणतेस?

संशोधिका: काकू, हा नंबर मिरवायचा नाही. तिसरं. केसांचा कलप.

सून: काय?

संशोधिका: केस काळे करायच्या कलपात असतं, ते रसायन. तुम्ही लावता?

सून: आमच्या घरात कलप कोण लावणार? माझे केस आहेत ते असे, तुमच्यासमोरच आहेत. ह्यांना तर टक्कल. आणि आईंचे जन्मजात काळे. त्यांच्या माहेरी सगळ्यांचेच काळे. त्यांच्या आजीचे नव्वदीतसुद्धा काळेभोर होते. आई, सांगा ना यांना.

सासू: होते. काळेच होते.

सून: लग्न होऊन आल्यापासून ऐकतेय मी हे. मला पहिला पांढरा केस दिसला, तेव्हा आईंनी मला आरशासमोर उभं करून सांगितलं होतं, “हे तुझ्या माहेराकडून आलं बरं का!”

सासू: जुनं कशाला उकरून काढतेस? पोरी, तुझं मशीन चुकत असेल.

संशोधिका: मशीन तीनदा तपासलंय, काकू.

सासू: मग चौथ्यांदा तपास.

संशोधिका: आता शेवटचं. हे जरा नाजूक आहे, ताई. सिगारेटचा धूर.

सून: कसला?

संशोधिका: फार नाही. पण आहे. कुणीतरी सिगारेट ओढत होतं आणि पट्टी त्याच्या जवळपास होती, एवढं नक्की.

सून: म्हणजे ह्यांनी सोडलेलीच नाही! दोन वर्षांपूर्वी माझ्यासमोर कानाला खडा लावला होता. तरीच! तरीच कचरा टाकायला जातो म्हणतात आणि अर्धा अर्धा तास वर येत नाहीत. एवढासा कचरा, तो काय एकेक करून टाकतात?

सासू: ओढत असेल बाई. चोरून ओढत असेल.

सून: तुम्हाला माहीत होतं?

सासू: मला कुठलं माहीत? पण आता मशीनच म्हणतंय, तर...

सून: मघाशी तर मशीन चुकत होतं!

सासू: कलपाचं चुकत असेल. सिगारेटचं बरोबर असेल.

संशोधिका: अहो, एवढ्यावरून कुणावर आळ घेता येत नाही. धूर बाहेरचाही असू शकतो.

सासू: तू मधे पडू नकोस. पोरगा माझा आहे, मी ओळखते त्याला. लहानपणी साखर चोरून खायचा आणि मांजरावर ढकलायचा. पण फार रागावू नकोस हं त्याच्यावर. दोन शब्द बोल आणि सोडून दे.

सून: सोडून देऊ? माझ्या पोटात बाळ आणि घरात धूर! येऊ दे त्यांना घरी, बघतेच मी. पण जाऊ दे, निदान दुकानाचं तरी चांगलं झालं. कुठं करू सही, मॅडम? इथं? ही घ्या. आता करते मालकीणबाईंना फोन. सांगते, नवं दुकान मी घेते, नववा लागेपर्यंत उभी राहते म्हणावं.

सासू: नववा लागेपर्यंत?

सून: रिपोर्टच म्हणतोय ना काही होत नाही म्हणून. आता तर तो मास्कही नको. जीव नुसता घुसमटतो त्यात.

सासू: मास्क नको?

सून: कशाला? घरात बसणाऱ्या बाईइतकंच आहे म्हणाल्या ना मॅडम. थांबा हं, रिंग जातेय.

सासू: ठेव.

सून: काय?

सासू: फोन ठेव आधी.

सून: उचलतील आता त्या...

सासू: ठेव म्हणते ना! तो ठिपका तुझा नाही. माझा आहे.

सून: कुठला ठिपका?

सासू: नारिंगी. मी आहे ती.

संशोधिका: काकू, म्हणजे काय?

सासू: डांबरगोळ्या माझ्या. मलम माझं. आणि कलप... कलपही माझाच. झालं समाधान? महिन्यातून दोनदा लावते, ही कामाला गेली की बाथरूमचं दार लावून.

सून: तुम्ही तर म्हणायचात, गुडघ्याला गरम पाण्याचा शेक घेते!

सासू: शेकही घ्यायची. वेळ जायला नको का? तो कलप वाळायला पाऊण तास लागतो.

सून: आणि तुमचं माहेर? ती नव्वदीतली आजी?

सासू: आजी लावायची. तिनंच मला शिकवलं.

संशोधिका: एक मिनिट. पट्टी ताईंच्या हातात होती ना? मी स्वतः घातली होती, याच खुर्चीत बसून.

सासू: तू घातलीस. पण ही रोज सकाळी ती बाथरूमच्या खुंटीला अडकवून कामाला जायची. आणि तू तर म्हणालीस, पट्टी विष ओढून घेते. मी ऐकलं ना माझ्या कानांनी. मला वाटलं औषधाचीच आहे. म्हटलं, एवढं चांगलं औषध खुंटीला लटकतंय आणि इथं माझे गुडघे ठणकतायत. मग मी घेतली. ती हातापुरतीच, गुडघ्यावर कशी चढणार? मग आपली रुमालानं बांधली.

संशोधिका: गुडघ्यावर?

सासू: दुखतं तिथंच बांधणार ना? आधी मलम चोळायचं, वरून पट्टी, वरून रुमाल.

संशोधिका: तरीच पहिला नंबर.

सासू: आणि खरं सांगते, तिसऱ्या दिवशी उतार पडला.

संशोधिका: काकू, तो मलमाचा असेल.

सासू: मलम मी पंधरा वर्षं चोळतेय. पंधरा वर्षांत नाही पडला तो?

सून: आणि सिगारेट? आई, तुम्ही सिगारेट...

सासू: जिभेला काही हाड आहे का तुझ्या? मी नाही!

सून: मग हेच.

सासू: तोही नाही गं. त्यानं खरंच सोडलीय. अर्धा तास खाली उभा राहतो तो त्या रखवालदाराशी गप्पा मारत.

सून: अहो, आत्ता पाच मिनिटांपूर्वी तुम्ही ह्यांच्यावर ढकललंत!

सासू: पोटचा आहे माझा. आईसाठी एवढं सोसलं असतं त्यानं.

संशोधिका: मग धूर कुणाचा, काकू?

सासू: सांगायलाच हवं का?

सून: सांगायलाच हवं.

सासू: खालच्या मजल्यावरच्या मुख्याध्यापिका.

सून: मुख्याध्यापिकाबाई? निवृत्त झाल्या तरी जिन्यात कुणी मोठ्यानं बोललं की वहीत नाव लिहितात, त्या?

सासू: त्यांची पाठ धरली होती. मला गुण आला म्हटल्यावर म्हणाल्या, एक दिवस मलाही द्या. बुधवारी दिली, गुरुवारी सकाळी त्यांनी परत आणून दिली. वेळेच्या पक्क्या आहेत. आणि हो, ओढतात त्या. गॅलरीत, कुंड्यांच्या मागं खाली बसून. मी आजवर कुणापाशी बोललेले नाही हो.

संशोधिका: काकू, हे तुम्ही मला सांगायलाच नको होतं. त्यांची संमती घेतलेली नाही. मी हे ऐकलेलं नाही.

सासू: तूच तर विचारलंस. आता ऐकलं नाहीस तर लिहूही नकोस.

सून: थांबा, थांबा. बुधवारी? बुधवारी संध्याकाळी मला पट्टी सापडेना म्हणून मी सगळं घर उलथंपालथं केलं होतं! आणि तुम्ही माझ्याबरोबर शोधत होतात! बॅटरी घेऊन पलंगाखाली शिरला होतात!

सासू: एकटीला कशी शोधू देणार तुला?

संशोधिका: म्हणजे माझ्याकडे तीन बायकांचा मिळून एक ठिपका आहे. निकाल सांगायची माझी ही पहिलीच घरभेट आहे हो! मला ही पुस्तिका दिलीय बघा. ‘सहभागी महिला रागावल्यास काय करावे.’ ‘सहभागी महिला रडल्यास काय करावे.’ पट्टी शेजारीपाजारी फिरवल्यास काय करावे, याचं पानच नाही.

सासू: शेजारीपाजारी कुठं? एकाच घरी दिली.

संशोधिका: ताई, मला फार वाईट वाटतंय सांगायला, पण हा निकाल बाद. यावरून तुमच्याबद्दल काहीच म्हणता येणार नाही.

सून: काहीच नाही?

संशोधिका: खाली आहात असंही नाही आणि वर आहात असंही नाही. आणि ताई, एक विचारू? रागावू नका. पट्टीबरोबर मी एक तक्ता दिला होता. त्यात सातही दिवसांपुढं ‘दिवसभर घातली’ अशी खूण आहे. खुणा तुमच्याच आहेत ना?

सासू: मीही तेच विचारणार होते. माझं सोड, मला काय कळतंय त्यातलं. पण तू का काढून ठेवायचीस?

सून: मालकीणबाई म्हणाल्या, हातात हे काय घातलंय, असं गिऱ्हाइकं विचारतील.

सासू: एवढ्यावरून?

सून: वरून हातमोजा चढत नाही.

सासू: चढतो. भांडी घासायचा मोजा माझ्या हातावर चढला होता.

संशोधिका: राहू द्या काकू. त्यांना नसेल सांगायचं तर...

सून: नाही, सांगते. मला बघायचंच नव्हतं. अभ्यासात यायची सही केली तेव्हा वाटलं, बघू या तरी. मग तुम्ही गेल्यावर वाटलं, आणि वाईट आलं तर? तेव्हाच आमचं ठरलं होतं, आता मूल हवं म्हणून. रोज चार वाजले की माझं डोकं धरतं, मॅडम. सुट्टीच्या दिवशी नाही धरत. हे कळायला पट्टी कशाला लागते? पण ते कागदावर आलं की काम सोडावं लागणार. आणि मला नाही सोडायचं. मला आवडतं ते. एखादी बाई तोंड पाडून येते आणि जाताना दहाही बोटं अशी हवेत नाचवत जाते. ती माझ्यामुळे जाते तशी. इतक्या वर्षांनी कुणीतरी मला म्हणतंय, हे दुकान तुझ्या हातात घे. मग मी ती पट्टी अडकवून ठेवली. संध्याकाळी तासभर घालायची, मनाची समजूत म्हणून. आणि आज तो खालचा ठिपका दिसल्यावर मी चक्क खरं मानलं ते. मला सगळं माहीत असून!

सासू: अगं, अगं, रडू नकोस अशी. पोरी, रडल्यावर काय करायचं लिहिलंय तुझ्या त्या पुस्तकात?

संशोधिका: ‘पाणी द्यावे. घाई करू नये.’

सासू: पाणी मी आणते. घाई तू करू नकोस.

सून: नको, बसा तुम्ही. मी बरी आहे. आई, तुम्हाला गप्प बसता आलं असतं. कलपाचं मला आयुष्यात कळलं नसतं.

सासू: बसलेच होते की गप्प. पोराच्या माथी सिगारेट मारली, तरी तोंड उघडलं नाही. मग तू म्हणालीस, मास्क नको. म्हातारीच्या गुडघ्याचा रिपोर्ट घेऊन तू माझ्या नातवंडाला त्या वासात नववा लागेपर्यंत उभं करणार? केसांचं काय घेऊन बसलीस, होऊ देत पांढरे. पोरी, म्हण तू मला आजी.

संशोधिका: नक्की?

सासू: म्हण. सवय व्हायला पाहिजे. पाचच महिने राहिलेत.

सून: मॅडम, मी काय करू, सरळ सांगा ना.

संशोधिका: काम सोडा की करा, हे मी नाही सांगू शकत. पण पहिलं पान पुन्हा बघू या? तुमच्यासारख्या नखांच्या दुकानात काम करणाऱ्या आणखी सतराजणी आहेत यात. या सात वर आहेत बघा. आणि या दहा इथं, बऱ्याच खाली. कामाचे तास सगळ्यांचे साधारण सारखेच.

सून: मग फरक कशानं पडला?

संशोधिका: खालच्या दहाजणींपैकी नऊजणींच्या टेबलाला हवा बाहेर ओढून टाकणारा पंखा आहे. वरच्या सातांत एकीच्याही नाही. आता एवढ्यानं सगळं सिद्ध होत नाही. सतरा हा आकडा लहान आहे.

सासू: आता पुन्हा माहीत नाही म्हणू नकोस हं.

संशोधिका: एवढं माहीत आहे, आजी. आणि ताई, डोकं धरतं हे तुमच्या डॉक्टरांना सांगा. सांगितलं नसेलच तुम्ही.

सून: नाही सांगितलं. आमच्याकडे पंखा आहे, पण तो गिऱ्हाइकाच्या तोंडावर वारा घालतो. एक खिडकी आहे, तर तिच्यावर मालकीणबाईंनी ही एवढी मोठी जाहिरात चिकटवलीय. हसऱ्या बाईची. सहा वर्षांत ती खिडकी उघडलेली मी पाहिली नाही.

संशोधिका: माझ्याकडे एक नवी पट्टी आहे. कोरी. घालायलाच हवी असं नाही. तुम्हाला वाटलं तर.

सून: द्या. पंखा नसताना काय येतं, ते आधी बघू. उद्या शेवटचा एक दिवस त्या खिडकीसमोर बसते, मास्क लावून. एका दिवसाचं चालेल?

संशोधिका: चालेल. एका दिवसाचंही खूप सांगते ती.

सासू: आणि मी तिला हात लावणार नाही. मुख्याध्यापिकांनी दार वाजवलं तरी देणार नाही. फक्त गुडघ्यासाठी म्हणून एखादी निराळी मिळत असेल तर...

संशोधिका: आजी!

सासू: विचारलं फक्त.

(सून पदरानं तोंड पुसते, पट्टी हातात चढवते आणि फोन लावते.)

सून: हॅलो, मालकीणबाई? हो, मघाशी मीच केला होता... नाही, सोमवारपर्यंत नको थांबायला. मला दुकान हवंय... हो हो, मनापासून हवंय. पण आधी ऐकून घ्या. प्रत्येक टेबलाला हवा बाहेर टाकणारा पंखा लागेल. आणि खिडकी उघडणारी हवी... मग ती बाई भिंतीवर लावा ना, तिला काय, ती तिथंही हसेल... नाही, फक्त नव्यात नाही, दोन्ही दुकानांत. तिथल्या बाकीच्या पोरींचीही डोकी धरतात, त्या बोलत नाहीत इतकंच... मीही बोलत नव्हते, बरोबर आहे तुमचं... कारण मला दिवस गेलेत. चौथा चालू आहे... लपवलं नव्हतं हो, घाबरले होते... उद्या येते, मग पंखे बसले की... नाही, तोवर नाही येणार... धमकी कसली त्यात? काय आहे ते सांगतेय... बरं. बरं, ठेवते.

सासू: काय म्हणाली?

सून: विचार करते म्हणाली.

सासू: आणि तू?

सून: माझा करून झाला, आई.